जॅक लावायची जागा

गाडी खालून कशी दिसते हे तिनं आजवर पाहिलं नव्हतं, आणि पाहायची हौसही नव्हती. मुलगा फोनवर म्हणाला होता, "आई, विकायच्या आधी एकदा गॅरेजमध्ये दाखवून घे, म्हणजे घेणारा नंतर नाक मुरडणार नाही," म्हणून ती आली होती आणि टायरच्या ढिगाशेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. मिस्त्रीनं गाडी लिफ्टवर घेतली, बटण दाबलं, आणि नवऱ्याची गाडी हळूहळू वर गेली, चाकं लोंबकळत, मानगुटीला धरून उचललेल्या मांजरासारखी. तो जाऊन काही महिने झाले होते, पण गाडी अजून त्याचीच होती. ती चालवायची तेव्हासुद्धा आपण दुसऱ्याच्या चपला घालून फिरतोय असं तिला वाटायचं. मिस्त्री हातात दिवा घेऊन खालून फिरत होता. फिरता फिरता थांबला, दोन पावलं मागे आला, पुन्हा थांबला. "मॅडम, जरा इकडे येता का?" एवढं मोठं वजन डोक्यावर लटकत असताना त्याच्या खाली जाऊन उभं राहायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण पर्स छातीशी धरून ती गेली. खाली ग्रीसचा आणि ओल्या मातीचा वास होता. मिस्त्रीनं दिवा डाव्या दारांच्या खालच्या कडेला धरला. तिथं पत्रा दबला होता. एके ठिकाणी नव्हे, ओळीनं. मागच्या चाकाच्या जवळून सुरू होऊन पुढं, आतल्या अंगाला, काही उथळ, काही खोल, आणि एके ठिकाणी तर कडच मुडपली होती, पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडावा तशी.

"जॅक चुकीच्या जागी लावलाय," मिस्त्री म्हणाला. "खरी जागा ही. या दोन खाचा दिसतात ना, त्यांच्या मधोमध. इथं पत्रा दुहेरी आहे, आत पट्टी आहे, सगळी गाडी इथं पेलते. जरा सरकलं की नुसता पत्रा. डबा दाबावा तसा दबतो. आणि हा पुढचा तर बघा, ही ब्रेकची नळी जाते त्याच्या शेजारून. बोटभर अलीकडे आला असता तर नळीच चेपली असती." त्यानं अंगठा एकेका खड्ड्यावरून फिरवला. "आणि हे एकदम झालेलं नाही. हे खाचांजवळचे जुने आहेत, गंज मुरलाय. हे पुढचे अलीकडचे. कुणी हात लावला होता गाडीला?"

"कुणी नाही. हेच करायचे सगळं."

"साहेब?" मिस्त्री हसला, मग हसू त्यानं आवरलं. "छे, साहेब नाही. साहेबांनी मला शिकवलेलं, जॅकच्या डोक्यावर रबराचा तुकडा ठेवत जा म्हणून. मीच विसरायचो, ते ओरडायचे." तो थोडा वेळ दिव्याची वायर गुंडाळत राहिला. "ठोकून काढून देऊ? वर रंग मारला की कुणाला पत्ता लागणार नाही." "आत्ता नको," ती म्हणाली, आणि का नको ते तिलाही सांगता आलं नसतं.

ती दातांच्या कवळ्या करायची. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे तिच्याकडे यायचे, ती त्यांत प्लास्टर ओतायची, मेणाच्या पट्टीवर एकेक दात बसवायची. तीस-पस्तीस वर्षं परक्या माणसांची तोंडं हातात घेऊन बसल्यामुळे तिला ठशावरून बरंच काही कळायचं. हा माणूस झोपेत दात खातो. ही बाई एकाच बाजूनं चावते, दुसरी बाजू कधीची दुखतेय पण बोलत नाही. याला आधीची कवळी ज्यानं लावली त्याचे हात तोडले पाहिजेत. नवरा तिची थट्टा करायचा, "जेवायला बोलावलेल्या पाहुण्यांच्या तोंडाकडे असं बघत जाऊ नकोस, बिचारे घास गिळत नाहीत." त्या दिवशी दुपारी ती कामाच्या टेबलाशी बसली, मेण तापवलं, आणि मेणावर सुरी टेकवली तसे तिला ते खड्डे दिसले. वेंधळ्या माणसाचे खड्डे वेगळे असतात. वेंधळा माणूस जॅक कुठंही लावून मोकळा होतो आणि पत्रा कुरकुरला की शिवी देतो. हे खड्डे तसे नव्हते. त्यांत काहीतरी चिकाटी होती. अंधारात भिंतीवर दिव्याचं बटण शोधणारा हात जसा थोडा इकडे, थोडा तिकडे, दाबून बघतो, तसं कुणीतरी तिथं चाचपडलं होतं. मेण उतू गेलं आणि टेबलावर पसरलं. ती ते खरवडत बसली.

नवऱ्याचा सगळा जन्म पुलांचे आराखडे काढण्यात गेला होता. भार कुठून येतो, कुठून जातो आणि शेवटी कुठं टेकतो, हा त्याचा आवडता विषय. खुर्ची डुगडुगली तरी तो उठून वाकून बघायचा आणि म्हणायचा, भार चुकीच्या पायावर जातोय. गाडीचं चाक बदलणं हे त्याच्या लेखी चाक बदलणं नव्हतंच, ते एक लहानसा पूल बांधणं होतं. जमीन सपाट हवी आणि टणक हवी. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची. जे चाक उचलायचं त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे लावायचे. नट आधी जमिनीवरच सैल करायचे, मग गाडी उचलायची. इंजिनाच्या तळाला कधी जॅक लावायचा नाही, तेलाचं भांडं फुटतं. खाचा बोटानं शोधायच्या, डोळ्यांवर विसंबायचं नाही. रबराचा तुकडा मधे ठेवायचा. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, तीन पायांचे लोखंडी स्टँड लावायचे, ज्यांना तो घोड्या म्हणायचा. हे सगळं तिला पाठ होतं. लग्नानंतर वर्षाच्या आत त्यानं ते एकदा सांगितलं होतं, आणि मग शेवटच्या दोन-अडीच वर्षांत पुन्हा सांगायला लागला होता. जेवताना, चहा घेताना, तिनं गाडीची किल्ली उचलली की. "समजा रस्त्यात चाक बसलं, मी बरोबर नाही, तर काय करशील? आधी काय?" ती वैतागायची. अहो, मी काय परीक्षेला बसलेय? पण तो सांगत राहायचा, आणि सांगताना तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायचा. आपल्याला शिकवायची त्याची हौस अजून फिटली नाही असं तिनं मानलं होतं. आता मेण खरवडताना तिचा हात थांबला. शिकवणारा माणूस ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे असं बघत नाही. असं परीक्षेला बसलेला माणूस बघतो, आपण बरोबर बोलतोय का ते परीक्षकाच्या कपाळावर वाचायला.

एकदा त्याचा क्रम चुकला होता. घरी पाहुणे होते, त्यांच्या गाडीचं चाक वाटेत बसलं होतं म्हणून विषय निघाला, आणि तो सांगायला लागला, आधी गाडी उचलायची, मग नट सैल करायचे. ती स्वयंपाकघरातून मोठ्यानं म्हणाली होती, "उलटं सांगताय! उचललेल्या गाडीचे नट सैल करायला गेलात तर चाकच फिरेल, गाडी अंगावर येईल. तुम्हीच सांगता ना?" सगळे हसले. "गुरूची विद्या गुरूला," पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं. तोही हसला. ती भांडं हातात घेऊन दारात उभी होती आणि तिनं त्याचा चेहरा पाहिला होता, हसू ओठांवर होतं आणि डोळे टेबलावरच्या मिठाच्या भांड्यावर खिळले होते, तिथून हलले तर काहीतरी सांडेल असे. तेव्हा तिला वाटलं होतं, चारचौघांत चूक काढली म्हणून लागलंय. तिनं पाहुणे गेल्यावर मुद्दाम त्याच्या आवडीचं काही बोलायला घेतलं होतं, आणि तो म्हणाला होता, "अगं, बरं केलंस सांगितलंस. फार बरं केलंस."

त्यानंतरच्या दिवसांत ती घरातली एकेक आठवण उचलून खालच्या बाजूनं बघायला लागली. तो गाडी चालवायचा कमी झाला होता. "तू चालव, मी जरा बाहेर बघतो, इतकी वर्षं रस्त्याशिवाय काही बघितलंच नाही." किती बरं वाटलं होतं तिला ते ऐकून. वळणाच्या आधी ती विचारायची, डावीकडे ना? आणि तो म्हणायचा, तुला काय वाटतं? तिच्या मैत्रिणींसमोर तिनं हे कौतुकानं सांगितलं होतं, की उतारवयात का होईना, माझं मत विचारायला लागले. माणसांना नावानं हाक मारणं त्यानं सोडलं होतं. सगळ्यांना "काय राजे" म्हणायचा, पोरांना राजे, शेजाऱ्यांना राजे, पार्सल घेऊन येणाऱ्याला राजे. लोक खूश असायचे. रविवारी सकाळी तो खाली पार्किंगमध्ये जायचा तो जेवायच्या वेळेपर्यंत वर यायचा नाही. ती खिडकीतून बघायची तर गाडीच्या बाजूला त्याचे पाय दिसायचे, जुन्या पँटमधले, आणि पाना दगडावर ठेवल्याचा खणकन आवाज. गाडीला काहीही झालेलं नसताना. ती गाडीला सवत म्हणायची. "चाललात का सवतीकडे?" आणि तो जिन्यातून हात हलवायचा. आता ती खिडकीशी उभी राहिली की खालच्या फरशीवर नजर आपोआप ते पाय शोधायची, आणि कधी कधी, कुणाच्या घरात काही धातूचं पडलं की, तिला वाटायचं आता तो हात पुसत वर येईल आणि आपल्याकडे बघून अगदी थोडा वेळ, डोळ्यांची उघडझाप व्हावी तेवढाच वेळ, थांबेल. हो, थांबायचा तो. दारात. आधी बघायचा, मग हसायचा. या मधल्या फटीत काय होतं, हा प्रश्न तिला त्याच्या हयातीत एकदाही पडला नव्हता.

तो गेला तो एकाएकी, बँकेच्या रांगेत उभा असताना, मेंदूत रक्त साकळून. भेटायला आलेले सगळे तेच म्हणाले होते. किती छान मरण. डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं, भाग्य लागतं. तीही म्हणाली होती, आलेल्या प्रत्येकाला पाणी देता देता, हो ना, शेवटपर्यंत लख्ख. या वाक्यावर ती इतके महिने टेकून बसली होती.

शेवटी ती खालच्या मजल्यावर गेली. तिथं कॅप्टन राहायचे. ते कुठल्याही फौजेत नव्हते, कॉलेजात हॉकीच्या संघाचे कप्तान होते, तेवढ्या भांडवलावर पन्नास वर्षं कॅप्टन म्हणवून घेत होते. त्यांची गाडी नवऱ्याच्या गाडीशेजारी उभी असायची आणि रविवारी ते पार्किंगच्या कठड्यावर बसून पेपर वाचायचे; गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे वाकून काही करायचा प्रश्न नव्हता. त्यांनी दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि आत या म्हणायच्या आधीच त्यांचा चेहरा पडला.

"मी गाडी खालून बघितली," ती म्हणाली.

कॅप्टन खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांनी गुडघे चोळले. "वहिनी, त्यानं मला शपथ घातली होती."

"ज्यांनी घातली ते गेले. आता सांगा."

"त्याला कळलं होतं हो," कॅप्टन म्हणाले. "तुम्हाला वाटत असेल त्याला कळत नव्हतं. सगळ्यात आधी त्यालाच कळलं. एका रविवारी खाली आला, जॅक काढला, आणि माझ्याकडे बघत म्हणाला, राजे, हे कुठं लावायचं असतं? मला वाटलं चेष्टा करतोय. मी म्हटलं, माझ्या डोक्यावर लाव. तो हसला नाही. मग मी पेपर खाली ठेवला. डॉक्टरकडे गेला होता. मीच घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी चित्रं काढली डोक्याची, आणि सांगितलं की हळूहळू सगळं पुसत जाणार. गोळ्या दिल्या, त्या माझ्याकडेच असायच्या, रोज सकाळी फिरायला जाताना घ्यायचा."

"आणि रविवारी?"

"रविवारी सराव. त्याचंच म्हणणं होतं ते. म्हणाला, माणसांची नावं जाऊ देत, रस्ते जाऊ देत, पण ही एक गोष्ट मला पक्की येते, ही मी धरून ठेवणार. ही येते तोवर मी आहे. गाडी उचलायची, उतरवायची, पुन्हा उचलायची. मी कठड्यावर बसून बघायचो. मला ताकीद होती, विचारल्याशिवाय सांगायचं नाही. सुरुवातीला बरोबर जमायचं. मग कधी जमायचं, कधी नाही. पत्रा कुरकुरला की मला ऐकू यायचं वहिनी, पण तो माझ्याकडे बघायचा नाही, आणि मी पेपर वर धरायचो."

"मला का नाही सांगितलं?" हे ती विचारणार नव्हती. खाली येतानाच तिनं ठरवलं होतं की हे विचारायचं नाही, आणि तेच तोंडातून निघालं.

कॅप्टन एकदम हसले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तेही विचारलं होतं मी. म्हणाला, ती दिवसभर लोकांचे दात दुरुस्त करते. मला तिच्या टेबलावर जायचं नाही. एकदा तिनं मला दुरुस्तीला घेतलं की ती मला सोडणार नाही, राजे, आणि मग आमचं भांडण बंद होईल. आमचं भांडण फार चांगलं चाललंय."

तिला राग आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला त्याचा सणसणून राग आला, तोही तो समोर नसताना, कॅप्टनच्या बैठकीतल्या त्या जुन्या पंख्याखाली बसून. माझ्याशी भांडायचं होतं म्हणून मला फसवलंत? अर्ध्या वाटा विसरलेल्या माणसाबरोबर मी गाडीत बसत होते, वळणं विचारत होते. "काही झालं असतं तर?" ती म्हणाली. कॅप्टननी खुर्चीला टेकवलेली काठी उचलली आणि परत ठेवली. ते तिच्याकडे बघेनात, तेव्हा तिला कळलं, काहीतरी झालं होतं. "एकदा गाडी जॅकवरून घसरली," ते म्हणाले. "घोड्या लावायला विसरला होता. मी ओरडलो. हात खाली होता त्याचा, ओरडलो म्हणून काढला. तेवढ्यात बसली गाडी." धप्प असा आवाज. तिला तो आवाज आठवला. भांडं विसळता विसळता तिनं खिडकीतून डोकं काढलं होतं, तो गाडीशेजारी उभा होता, त्यानं वर बघून हात हलवला होता, काही नाही, काही नाही. उन्हात त्याचा हात फार पांढरा दिसला होता. आणि तिनं खिडकी लावून घेतली होती, कारण ऊन येत होतं. "त्यानंतर मी शिस्त लावली," कॅप्टन म्हणाले. "घोड्या मी स्वतः ढकलून द्यायचो पायानं. आणि डिकीतलं जादा चाक आडवं गाडीखाली सरकवून ठेवायचं, सगळं फसलं तरी गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. आणि मी जागेवर नसलो तर जॅकला हात लावायचा नाही, हे कबूल करून घेतलं." मग ते जमिनीकडे बघत म्हणाले, "पण शेवटच्या रविवारी मी नव्हतो. लेकीकडे गेलो होतो."

शेवटचा रविवार तिला नीट आठवत होता, कारण तो चांगला गेला होता. तो वर आला तो शीळ घालत. हात धुतले, जेवायला बसला, आणखी वाढ म्हणाला. चेहऱ्यावर असं तेज की तिनं विचारलं, "काय, सवत खूश दिसतेय?" तर म्हणाला, "आज कसं एकदम जागेवर बसलं बघ. हाताला आपोआप सापडलं. मधे इतके दिवस उगीच घाबरत होतो." कशाला घाबरत होता हे तिनं विचारलं नाही. दुपारी तो तिच्या शेजारी आडवा झाला आणि तिचा हात छातीवर ठेवून घेऊन झोपला, तरुणपणी झोपायचा तसा. त्यानंतर बुधवारी तो बँकेत गेला.

"मला गाडी उचलायची आहे," ती कॅप्टनना म्हणाली. "मला ती जागा पुन्हा बघायचीय. तुम्ही खाली या."

दोघं पार्किंगमध्ये उतरली. दुपारचं ऊन गाडीच्या टपावर पडलं होतं. वरून गाडी चकचकीत होती, कुठं ओरखडा नाही. कॅप्टन कठड्यावर बसले आणि तिनं ओढणी कमरेला बांधली. हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली. पुढच्या उजव्या चाकाला ठोकळे लावले. मग ती फरशीवर गुडघे टेकून बसली आणि दाराखालच्या कडेवरून तिनं बोटं फिरवायला सुरुवात केली. तिची बोटं सरावलेली होती. टाळूवरचा केसाएवढा उंचवटा तिला कळायचा. खाचा लगेच सापडल्या, इतक्या सरळ की तिला भरून आलं. एवढं सोपं होतं? एवढंसं? रबराचा तुकडा मधे ठेवून तिनं जॅक लावला, दांडा फिरवायला घेतला. गाडी कण्हली आणि वर आली. अजिबात कुरकुरली नाही. कॅप्टननी पायानं घोडी ढकलली, तिनं ती पट्टीखाली बसवली, जॅक थोडा सैल करून भार घोडीवर घेतला. डिकीतलं जादा चाक काढून आडवं आत सरकवलं. "बरोबर करताय," कॅप्टन म्हणाले, आणि लगेच ओशाळले, विचारल्याशिवाय बोलले म्हणून.

ती कुशीवर आडवी झाली आणि मोबाइलचा उजेड कडेच्या आत धरला. आता तिला मिस्त्रीचं बोलणं नीट लागलं. पहिले खड्डे खाचांना चिकटूनच होते, एवढ्यातेवढ्यानं चुकलेले, त्यांत काळा गंज मुरला होता. त्यांच्या पुढचे थोडे दूर, गंज तपकिरी. त्याच्या पुढचे आणखी दूर. तिची बोटं त्याच वाटेनं चालत गेली, रविवारमागून रविवार, आणि एकेका रविवारी ती जागा त्याच्या हातातून बोटभर, दोन बोटं निसटत गेलेली तिला कळत गेली. मुडपलेली कड आली, तो धप्प झालेला दिवस असेल. तिथं ती थांबली, आपण इथंच थांबलो तर बरं असं तिला वाटलं. पण बोटं पुढं गेली. सगळ्यात शेवटचा खड्डा पार पुढं होता, खाचांपासून हातभर लांब, ब्रेकच्या नळीला लागून, नुसत्या पत्र्यात, आणि सगळ्यांत खोल. त्यावर गंज नव्हता, नुसती तांबूस झाक होती. खड्ड्याच्या मधोमध, रंग उडालेल्या जागी, रबराच्या तुकड्याची जाळी उमटली होती. चौकोन स्वच्छ उठले होते. रबर नीट मधोमध ठेवलं होतं त्यानं. सगळं यथासांग केलं होतं, अगदी सावकाश, अगदी मन लावून, आणि शीळ घालत वर आला होता.

त्याला खरंच वाटलं होतं का, की जमलं? की जिन्यात थांबून, श्वास घेऊन, त्यानं तो चेहरा चढवला होता, तिच्यासाठी? तिनं तो रविवार मनात उलटासुलटा करून पाहिला. आणखी वाढ म्हणतानाचा आवाज, छातीवर ठेवून घेतलेला हात, त्या हाताखालचे ठोके. पत्र्यावर वाचता येत होतं तसं त्यावर काही वाचता येईना. माणूस सुखानं झोपला की थकून झोपला, ते शेजारी झोपलेल्या बाईला कळायला हवं होतं. तिनं त्या जाळीवर बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं. पत्रा थंड होता.

"वहिनी," कॅप्टनचा आवाज आला. "फार वेळ राहू नका खाली." मग जरा वेळानं, कठड्यावर काठी घासल्याचा आवाज झाला आणि ते म्हणाले, "एक विचारू का? मला वाकता येत नाही, नाहीतर मीच बघितलं असतं. इतके महिने मनात आहे. त्या शेवटच्या रविवारी मी नसताना त्यानं केलं का काही? दुसऱ्या दिवशी मला जिन्यात भेटला तर म्हणाला, राजे, काल तुझ्याशिवाय जमलं. मी खूप रागावलो त्याच्यावर, कबूल केलं होतंस म्हणून. मग दोन दिवसांनी गेलाच तो." ते कठड्यावरून पुढं झुकले. "जमलं होतं का हो?"

ती गाडीखालून बाहेर आली. कोपराला ग्रीस लागलं होतं. कॅप्टन तिच्याकडे बघत होते. कुणीतरी चेहऱ्यावर उत्तर शोधत असलं की कसं बघतं ते आता तिला ओळखू येत होतं, आणि तिनं आपला चेहरा सांभाळला.

"जमलं होतं," ती म्हणाली. "अगदी जागेवर आहे."

"बघा!" कॅप्टन म्हणाले. "मी म्हणत होतो ना, त्याचे हात विसरणार नाहीत." त्यांनी रुमाल काढून नाक शिंकरलं, दोनदा, मोठ्यानं, आणि मग आकाशाकडे बघत बसले.

तिनं चाक बाहेर ओढलं, जॅक पुन्हा वर घेऊन घोडी काढली. ठोकळे अजून जागेवर होते ते एकदा वाकून पाहिलं. मग ती दांडा उलटा फिरवायला लागली, हळूहळू, जराही घाई न करता, आणि गाडी आपला सगळा भार घेऊन खाली येऊ लागली.